कोलन एक की दोन?

प्रोग्राम चुकला की कॉम्प्युटर एरर दाखवतो. पण प्रोग्राम शिकवणारं पानच चुकलेलं असेल तर? मग शिकणारा पोरगा ती चूक स्वतःत शोधत बसतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाळापूरला घरी असताना काकांचा मुलगा मोबाईलवर आलेल्या पायथॉनच्या नोट्स घेऊन आला. डिप्लोमाचं पहिलं वर्ष. "दादा, जसंच्या तसं कॉपी केलं, तरी एरर काहून येते? मले हे जमत नाही असं वाटते." नोट्स पाहिल्या. वर्ड प्रोसेसरने सरळ अवतरणचिन्हं वाकडी केलेली, दोन वजा चिन्हांचा एक लांब डॅश झालेला, आणि ओळींच्या आधीची मोकळी जागा साफ गायब. निबंधात हे खपून जातं. पायथॉनला मात्र वाकडं अवतरणचिन्ह म्हणजे अनोळखी अक्षर! आणि मोकळ्या जागेचं म्हणाल तर सी किंवा जावात महिरपी कंस असतात, इंडेंटेशन गेलं तरी काम चालतं. पायथॉनमध्ये इंडेंटेशन हेच व्याकरण. म्हणजे मांडणी बिघडली की अर्थच बिघडला.

आमचं बाळापूर कधीकाळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं. त्या जमान्यातल्या मोडी कागदांत शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नव्हती. आधी ओळ आखायची नि तिला अक्षरं लटकवत जायची. वाचणारा कारकून शब्द बरोबर तोडायचा. कॉम्प्युटर काही एवढा समजूतदार कारकून नाही.

आता अधिकृत डॉक्युमेंटेशनकडे येऊ. पायथॉनचं डॉक्युमेंटेशन आधी लाटेकमध्ये लिहिलं जायचं. २००८ साली जॉर्ज ब्रँडल यांचं स्फिंक्स हे टूल आलं आणि त्याच वर्षीच्या पायथॉन २.६ पासून सगळी पानं रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या साध्या खुणांच्या पद्धतीत आली. साधी खरी, पण काटेकोर. कोड दाखवायचा असेल तर आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी दोन कोलन द्यायचे, एक ओळ रिकामी सोडायची आणि कोड आत सरकवून लिहायचा. दोनाऐवजी एकच कोलन पडला तर काय होतं बघा. स्फिंक्सला तो कोड वाटतच नाही, साधा उतारा वाटतो. लागोपाठच्या ओळी एकमेकींना चिकटतात. 'फॉर'ची ओळ आणि तिच्या खालची आत सरकलेली ओळ 'शब्द आणि त्याचा अर्थ' अशा यादीसारखी छापली जाते. वर अवतरणचिन्हंही वाकडी होतात. एका टिंबांच्या जोडीपायी भावाच्या नोट्सची सगळी गत! आणि कधीकधी वॉर्निंगसुद्धा येत नाही.

या गप्प बसणाऱ्या चुकाच खऱ्या वाईट. शीर्षकाखालची रेघ शीर्षकापेक्षा आखूड पडली तर स्फिंक्स ओरडतं. फंक्शनच्या आर्ग्युमेंटआधीचा तारा उघडा राहिला तरी ओरडतं, कारण त्याला वाटतं तिरपं अक्षर सुरू झालं पण संपलंच नाही. पण कोडच्या शब्दाला दोन-दोन बॅकटिकऐवजी एक-एकच लावलं तर ते मुकाट्याने तिरपं छापतं. कमांडचा पर्याय बॅकटिकशिवाय लिहिला तर त्याच्या दोन वजा चिन्हांचा डॅश होतो, आणि कॉपी करणारा फसतो.

म्हणून डोळ्यांनी वाचणं काही सुटत नाही. तयार पान एका बाजूला आणि मूळ मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवायचा. मूळ मजकूर पाहायची लिंक पानावरच असते. दुरुस्ती केल्यावर पान आपल्या मशीनवर बनवून पाहायचं, स्फिंक्स-लिंट चालवायचं (एकेरी बॅकटिक ते पकडतं), आणि मग गिटहबवर पाठवायचं. २०१७ पासून पायथॉनचा सोर्स तिथेच आहे. एवढ्याशा दुरुस्तीसाठी आधी वेगळी तक्रार नोंदवावी लागत नाही. मात्र एका पॅचमध्ये एकाच जातीची चूक दुरुस्त करा. सोबत वाक्यंही 'सुधारत' बसलात तर तपासणारा वैतागतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

आता आपल्या मराठीची गंमत. भाषांतराची रीतसर व्यवस्था २०१७ च्या पेप ५४५ ने घालून दिली. पण रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचा नियम असा, की बंद करणाऱ्या बॅकटिकनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्हच हवं. हिंदीत 'में' सुटा लिहितात, त्यामुळे अडत नाही. आपण 'लिस्ट'ला 'मध्ये' चिकटवून लिहितो, आणि तिथेच खूण फसते. बॅकटिक जसेच्या तसे पानावर उमटतात. मग 'मध्ये' तोडून लिहायचं का? मुळीच नाही. बॅकटिकनंतर एक उलटी तिरपी रेघ आणि एक स्पेस द्या. छापताना दोन्ही नाहीसे होतात आणि प्रत्यय शब्दाला चिकटून राहतो. 'चा', 'ला', 'ने', 'साठी', सगळ्यांना हेच औषध.