टाकीतले पेट्रोल बदलले, ग्रास कटर मात्र जुनाच

मृग तोंडावर आला की आंबा-काजूच्या बागांत आणि घाटावरच्या बांधांवर ग्रास कटरची आठवण होते. दिवाळीनंतर पडवीत टांगून ठेवलेले यंत्र खाली उतरते, दोरी ओढून ओढून खांदा दुखतो आणि इंजिन काही उठत नाही. मग तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्याकडे यंत्रांची रांग लागते. उघडून पाहिले तर बहुतेक वेळा कार्ब्युरेटरचा पडदा कडक झालेला असतो, इंधनाची नळी फुगून मऊ पडलेली किंवा चिरलेली असते आणि जेटच्या बारीक छिद्रात चिकट थर बसलेला असतो. या बिघाडाचे मूळ बहुधा पेट्रोलमध्ये असते. पाऊस सुरू होण्याआधीचे दोन-तीन आठवडे ते समजून घेऊन यंत्रात बदल करण्यासाठी वापरावेत.

शेतातली छोटी इंजिने दुसऱ्या इंधनावर चालवता येतील का, असे अनेक शेतकरी विचारतात. पेट्रोल इंजिनाबाबत उत्तर असे, की ती आजच तशी चालत आहेत. पंपावरच्या ई-20 पेट्रोलमध्ये शंभर भागांत वीस भाग इथेनॉल असते. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याची विक्री सुरू झाली आणि 2025 मध्ये देशभरात मिश्रण वीस टक्क्यांवर पोचले. हे इथेनॉल उसाच्या मळीपासून, रसापासून, मक्यापासून होते. ऊस उत्पादकाला त्याचा मोठा आधार आहे आणि हे धोरण मला मनापासून पटते. अडचण यंत्रांची आहे. एप्रिल 2023 पासूनच्या मोटारी आणि दुचाकी ई-20 ला टिकणाऱ्या साहित्याच्या बनू लागल्या. शेतातल्या जुन्या ग्रास कटरला, पॉवर वीडरला, फवारणीच्या एचटीपी पंपाला तशी खात्री कोणी दिलेली नाही. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत दहा टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी आहे. म्हणून आधी आपली पुस्तिका वाचा, आणि यंत्र हमीत असेल तर हात न लावता विक्रेत्याकडे न्या.

बदल का करायचा ते नीट कळले तर तो चुकत नाही. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलला नऊ किलो पुरते. ई-20 साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेसोबत इंधन सुमारे आठ टक्के जास्त जायला हवे. मोटारीतला संगणक ही दुरुस्ती आपोआप करतो. ग्रास कटरमध्ये एक ठरावीक छिद्र आणि एक-दोन स्क्रू असतात, त्यामुळे मिश्रण पातळ राहते. पातळ मिश्रणावर इंजिन तापते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाते, म्हणून इंधन कमी गेले की वंगणही कमी जाते आणि भर दुपारी उतारावर उंच गवत कापताना पिस्टन पकडतो.

तुमचे यंत्र पातळ मिश्रणावर चालते आहे का, हे ओळखायला उपकरण लागत नाही. इंजिन गरम झाल्यावर रेस द्या. ते अडखळले, आणि चोक अर्धा ओढल्यावर सुरळीत चालले, तर इंधन कमी पडते आहे. प्लग काढून पाहा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढरे पडले असेल तर मिश्रण पातळ, काळे काजळीचे असेल तर गरजेपेक्षा जाड.

दुरुस्ती कार्ब्युरेटरच्या प्रकारावर ठरते. पडद्याच्या कार्ब्युरेटरला एच आणि एल अशी अक्षरे असलेले दोन स्क्रू असतात. एच हा पूर्ण रेससाठी. एअर फिल्टर धुऊन, प्लग साफ करून, इंजिन गरम असताना तो घड्याळाच्या उलट दिशेने एक अष्टमांश फेरा फिरवा आणि प्रत्यक्ष गवतात यंत्र चालवून पाहा. एका वेळी त्याहून जास्त फिरवू नका. रिकाम्या रेसवर आवाज कर्कश, तीक्ष्ण येईपर्यंत स्क्रू घट्ट करत नेण्याची सवय काही ठिकाणी दिसते. त्या आवाजाला ताकद समजू नका, तेव्हा इंजिन उपाशी चालत असते. स्क्रूवर प्लास्टिकची टोपी बसवून फेरा मर्यादित केला असेल, तर ती उचकटण्याऐवजी कंपनीच्या केंद्रात जुळवून घ्या. पॉवर वीडरच्या फ्लोट कार्ब्युरेटरमध्ये सहसा स्क्रूने हे होत नाही, मुख्य जेट बदलावा लागतो. छिद्राचा व्यास चार टक्के वाढला की क्षेत्रफळ आठ टक्के वाढते. जेटचा क्रमांक व्यासाचा असेल, तर 70 च्या जागी 72 किंवा 73 पुरतो. जुना जेट तारेने किंवा सुईने मोठा करू नका. छिद्र वाकडे होते आणि मग कुठलेच मिश्रण जुळत नाही. नवा जेट यंत्र दुरुस्तीच्या मानाने अगदी स्वस्त पडतो.

टू-स्ट्रोकच्या ऑइलबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. इंजिन तापते म्हणून ऑइल वाढवले जाते. पण ऑइलने पेट्रोलची जागा घेतली की जळणारे इंधन आणखी कमी होते आणि पातळपणा वाढतो. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिले असेल तर एक लिटर पेट्रोलला 20 मि.लि., 25 ला 1 असेल तर 40 मि.लि., मोजूनच घाला. बाटलीवर जासो एफडी हा दर्जा छापलेला पाहून घ्या. गाडीतून काढलेले जुने ऑइल किंवा ट्रॅक्टरचे ऑइल यात कधीच चालत नाही.

आता पाण्याविषयी. कोकणात जुलैमध्ये हा सगळ्यांत मोठा प्रश्न होतो. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी गेले तर ते तळाशी वेगळे बसायचे आणि ओतून काढता यायचे. इथेनॉल पाणी ओढून घेते. एका मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळलेले राहते आणि दिसत नाही. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गारवा वाढला, की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली उतरतात. टाकीतली नळी इंधन तळातूनच ओढते. त्या थरात टू-टी ऑइल जवळजवळ नसते, त्यामुळे इंजिन सुरू झालेच तर कोरडे चालते. बागेत भर पावसात झाकण उघडून टाकी भरणे यासाठीच टाळायचे. कॅन घट्ट झाकणाचा घ्या आणि शक्य तितका भरलेला ठेवा, कारण रिकाम्या जागेत दमट हवा शिरते. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल ठेवू नका. मिश्रण पंधरा दिवसांत संपेल इतकेच करा. संशय आला तर काचेच्या पारदर्शक बाटलीत थोडे काढून उजेडात धरा. तळाशी रेघ दिसली किंवा धुरकटपणा आला, तर ते इंधन इंजिनात घालू नका. हलवून पुन्हा एक करण्याने ते सुधारत नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरीही पाहता येते. शंभर मि.लि.च्या मोजपात्रात 80 मि.लि. पेट्रोल आणि 20 मि.लि. पाणी घ्या, झाकून हलवा आणि दहा मिनिटे ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते, म्हणून खालचा थर वाढतो. तो 35 च्या आसपास आला तर ई-20. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करा. हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून, पाण्याने इथेनॉल धुऊन काढून 'शुद्ध' पेट्रोल वापरण्याची शक्कल काही जण लढवतात. ती घातक आहे. ई-20 मधले मूळ पेट्रोल इथेनॉल धरूनच बनवलेले असते. ते काढले की ऑक्टेन घसरतो, इंजिन ठोकू लागते आणि उरलेले पाणी कार्ब्युरेटरमध्ये जाते.

नळ्या, प्रायमरचा फुगा आणि पडद्यांचा संच जुन्या यंत्रात या मोसमाआधी बदलून टाका. दुकानात इथेनॉलला टिकणारी किंवा व्हायटनची नळी असे स्पष्ट सांगून मागा. साधी पारदर्शक नळी घेऊ नका. टाकीतला छोटा फिल्टरही नवा टाका, कारण इथेनॉल टाकीच्या भिंतीवरचा जुना मळ सोडवते आणि पहिल्या काही टाक्यांत तो पुढे येतो. मोसम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहील.

आता इतर इंधनांविषयी. घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरवर पंप किंवा जनरेटर चालवणे बेकायदा आहे, आणि धोक्याचेही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, विहिरीच्या खड्ड्यात आणि पंपाच्या खोलीत तळाशी साचतो आणि एका ठिणगीवर पेटतो. रेशनच्या रॉकेलची पेट्रोलमध्ये भेसळ केली की ऑक्टेन पडतो आणि प्लग काजळतो. डिझेल इंजिनात थेट करंज तेल ओतण्याचा मोहही टाळा. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर चालले होते, हे खरे आहे. पण करंज तेल डिझेलच्या जवळपास दहा पट घट्ट असते. ते इंजेक्टरच्या तोंडाशी कोळसा धरते आणि रिंगा चिकटवते. त्यापासून बायोडिझेल करता येते, पण त्यासाठी लागणारे मिथेनॉल डोळे आणि जीव घेणारे विष आहे. अंगणात तो उद्योग नको.

डिझेल पंपासाठी मनापासून सुचवावे असे एक इंधन आहे, गोबरगॅस. त्याची तयारीही पावसाळ्यातच करायची, कारण खरिपात पंप उभा असतो आणि इंजिन उघडायला तेव्हाच सवड मिळते. आधी हिशेब मांडा. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे 0.04 घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे एक घनमीटरला 25 किलो शेण. दुहेरी इंधनावर इंजिनाला दर अश्वशक्तीला तासाला साधारण 0.43 घनमीटर गॅस लागतो. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला दोन घनमीटरहून थोडा जास्त गॅस घेतो. चार-पाच जनावरांच्या दोन घनमीटरच्या संयंत्रावर तो दिवसाला जेमतेम तासभर चालेल. माणशी स्वयंपाकाला रोज पाव घनमीटर लागतो, तेव्हा सहा माणसांच्या घरात दीड घनमीटर चुलीलाच हवा. माझे मत स्पष्ट आहे. जनावरे चार-पाच असतील तर गॅस स्वयंपाकघराचाच आहे, घरातल्या बाईचे डोळे धुरापासून वाचणे लिटरभर डिझेलहून मोलाचे आहे. बारा-पंधरा जनावरांचा गोठा आणि सहा घनमीटरचे संयंत्र असेल, तर घराचे भागवूनही पंपाला दोन तास गॅस मिळू शकतो. थंडीत गॅस घटतो आणि रब्बीचे पाणी थंडीतच द्यायचे असते, हेही हिशेबात धरा.

गोबरगॅसमधला मिथेन डिझेल इंजिनाच्या दाबाने आपोआप पेटत नाही. त्याला पेटवायला थोडे डिझेल लागते, म्हणूनच याला दुहेरी इंधन म्हणतात. एअर फिल्टर आणि इंजिन यांच्या मध्ये हवेच्या पाइपला टी-जोड देऊन त्यावर बॉल व्हॉल्व्हने गॅस सोडायचा. इंजेक्टरला, पंपाला हात लावायचा नाही. गॅसच्या नळीच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाणी काढायची चावी ठेवा आणि इंजिनाजवळ ज्वालारोधक जाळी बसवा. जोड साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून कधीही नाही. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड बेअरिंग आणि ऑइल खातो. त्यासाठी लेथवरचा लोखंडी कीस ओला करून गंज चढवायचा, तो रुंद पाइपात भरायचा आणि त्यातून गॅस न्यायचा. वापरलेला कीस बाहेर काढला की हवेत तापतो, म्हणून तो गवतापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, मोकळ्या जागी पसरा. इंजिन ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला.

इंजिन डिझेलवरच सुरू करा, पाच मिनिटे गरम होऊ द्या, भार आल्यावर गॅसची चावी हळूहळू उघडा. गव्हर्नर डिझेल आपणहून कमी करतो. ठोकण्याचा आवाज आला किंवा गती डळमळली की चावी थोडी मागे घ्या. पंधरा-वीस टक्के डिझेल चालूच राहायला हवे. गॅस त्यानेच पेटतो आणि इंजेक्टरचे तोंडही त्यानेच थंड राहते. खरी बचत किती, हे मोजून पाहा. अर्धा लिटर डिझेल खुणेच्या बाटलीतून देऊन, एकाच विहिरीवर, एकदा गॅसशिवाय आणि एकदा गॅससह ते किती वेळ पुरते याची नोंद ठेवा. पंप बंद करताना आधी गॅस तोडा, पाच-सात मिनिटे निव्वळ डिझेलवर चालवा, म्हणजे सिलिंडरमधला ओलसर आम्लवायू बाहेर पडेल, आणि मगच इंजिन थांबवा.