आभार मानायची घाई करू नकोस, बाय

बाय, आईच्या महिन्याच्या मिस्सेनंतर कुणीतरी तुला म्हणालं, "रडू नको, ती सुटली, देवाचे आभार मान." तू मान हलवलीस आणि निघून गेलीस. त्यानंतर रविवारी देवळात दिसली नाहीस, म्हणून हे लिहितेय.

असं बोलणारी माणसं वाईट नसतात गं. त्यांना तुझं रडणं बघवत नाही, एवढंच. पण शुभवर्तमानात येशूने मार्थाला असं घाईघाईने गप्प केलेलं नाही. बेथानीला लाजर गेला तेव्हा मार्थाने येशूला तोंडावर ऐकवलं, तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. तो रागावला नाही. थडग्याकडे जाताना तो स्वतः रडला, आणि धोंड सारल्यावर तिथेच उभं राहून त्याने पित्याचे आभार मानले. मार्थाचं गाऱ्हाणं त्याने आधी ऐकून घेतलं होतं, हे विसरू नकोस. जमलं तर ८८वं स्तोत्र काढून वाच. ते काळोखातच संपतं, तरी बायबलमध्ये आहे, प्रार्थना म्हणूनच आहे. सध्या तुझ्याने तेवढीच प्रार्थना होत असेल तर तेवढीच कर.

मला राहून राहून आपली कोंडिविट्याची माणसं आठवतात. १५७९ साली जेझुइटांनी बांधलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्टचं देऊळ त्यांचं. १८४० साली साथ आली आणि मागे कबरी ठेवून त्यांना मरोळला यावं लागलं. जुन्या देवळातल्या मूर्ती, बाप्तिस्म्याचं कुंड त्यांनी इकडे आणलं आणि उपकारस्तुती पुन्हा सुरू केली. ते जुनं देऊळ आता सीप्झ या उद्योगवसाहतीच्या कुंपणाआत आहे, छप्पर गेलेलं. तरी मे महिन्यात आपली माणसं तिथे जाऊन मिस्सा करतात. काय गेलं ते झाकून ठेवत नाहीत.

आपला आगेराही तसाच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात न्यायच्या, आशीर्वाद घ्यायचा. मरोळची भातशेती केव्हाच कंपन्यांखाली आणि इमारतींखाली गेली, पण सण सुटला नाही. शेत गेलं म्हणून त्या शेताने पिढ्यान्‌पिढ्या खाऊ घातलं ते खोटं होत नाही ना? आईचंही मी तसंच धरते. तिच्या मरणाबद्दल आभार मान असं देव तुला सांगत नाहीये. ती तुला मिळाली होती, त्याबद्दल मानायचे. तेही जेव्हा आतून येतील तेव्हा.

तू म्हणालीस, तिने मे महिन्यात भरलेली मसाल्याची बाटली फडताळात तशीच आहे, बूच काढवत नाही. काढ. वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवून, एकेक वेगळा भाजून, कुटून, काळ्या बियरच्या बाटलीत काठीने ठासून भरले होते तिने. ते तुम्हा पोरांच्या पोटात जावं म्हणून. ठेवून ठेवून नुसता वास उडेल. बोंबलाचं कालवण कर, पानावर बसल्यावर तिचं नाव घेऊन देवाला म्हण, हे दिलंस. पुढे काही सुचलं नाही तर नको.

आणखी एक. रात्र रात्र झोप नसेल, अन्न जात नसेल, तर आपण डॉक्टरकडे जाऊ. विश्वास कमी पडला म्हणून असं होतंय असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठव.

आगेऱ्याला आलीस तर माझ्या शेजारी बस. स्तुतिगीताला तोंड उघडवलं नाही तरी चालेल, मी गाईन. नाही आलीस तर मिस्सा झाल्यावर मीच तुझ्याकडे जेवायला येईन. कालवण जरा जास्त टाक.