खिशाला हलकं, मनगटाला जड

बंदुकांच्या दुकानात काउंटरवर दोन रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवली, एक पोलादाचं आणि एक स्कँडियम-अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचं, टायटॅनियमच्या सिलिंडरचं, की गिऱ्हाइकाचा हात फिरून फिरून हलक्याकडेच जातो. साहजिकच आहे. तिथे उचलून पाहायचं, तोलून पाहायचं, खिशात कसं बसेल याचा अंदाज घ्यायचा, यापलीकडे करण्यासारखं काही नसतं. गोळी झाडून पाहायची सोय काउंटरवर नसते. आणि हलक्या, मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा सगळा स्वभाव गोळी झाडल्यावरच कळतो.

मी टेक्सासमध्ये, ह्यूस्टनपासून थोडं लांब, एका लहान गावात फार्मसी चालवते. कपाटात ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन अशी नशा आणणारी वेदनाशामकं असतात. त्यांच्यासाठी लोक काय काय करतात ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. रात्री दिवे मालवून, कुलूप लावून, अंधाऱ्या पार्किंगमधून गाडीपर्यंत मला एकटीलाच जायचं असतं. शेजारच्या गावात एका फार्मसीवर दरोडा पडला तेव्हा ‘आपण बाई हत्यार घेणार नाही’ हा माझा वर्षानुवर्षांचा बाणा डळमळला. घ्यावं की न घेऊ, यावर इथे वाद घालत नाही. ज्यांचं ठरलंय, त्यांच्यासाठी लिहितेय.

आपली मंडळी मला पहिला प्रश्न विचारतात तो मॉडेलचा. माझा उलट प्रश्न असतो, तुमचा व्हिसा कुठला? एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. राज्याचा शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ते वकिलाला विचारून घ्या, मित्राला विचारून नको. रेंजवर भाड्याने बंदूक घेऊन दोन-चार गोळ्या झाडणंही यात येतं, हे ऐकून पुष्कळांचे चेहरे पडतात, कारण तसे फोटो त्यांनी आधीच सगळ्यांना पाठवलेले असतात. टेक्सासने १ सप्टेंबर २०२१पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगायची मुभा दिली, पण राज्याची मुभा केंद्राची बंदी पुसत नाही. ग्रीनकार्ड असेल तर पुढे वाचा.

रिव्हॉल्व्हर घेण्यामागे माझं साधं कारण होतं. पिस्तुलाची स्लाइड मागे खेचायला माझ्या अंगठ्याचे सांधे कुरकुरतात. .४४ घेण्यामागचं कारण मात्र पोथीतलं. ‘लहान हत्यारात पाचच गोळ्या, मग त्या मोठ्या असलेल्या बऱ्या’ हे वाक्य दुकानदारापासून रेंजवरच्या आजोबांपर्यंत सगळे म्हणतात, आणि त्याला जुना आधारही आहे. .४४ स्पेशल हे काडतूस १९०७ सालचं. १६ ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी, वेग सेकंदाला जेमतेम २३० मीटर. जड आणि संथ. १९७३मध्ये चार्टर आर्म्सने ते ‘बुलडॉग’ नावाच्या पाच गोळ्यांच्या, साधारण ६०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसवलं आणि मोठं बोअर खिशात आलं. (पुढे १९७६-७७मध्ये न्यूयॉर्कला हादरवणाऱ्या ‘सन ऑफ सॅम’ या खुन्याने हेच हत्यार वापरलं, त्यामुळे त्याचं नाव बदनामही झालं.) आपल्या देशात परवान्याचं रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुधा .३२. तिथून आलेल्या माणसाला .४४च्या नळीचं तोंड पाहूनच धाक बसतो. आमच्या ह्यांनी मात्र माझं हलकं .४४ डबीतून काढून हातावर नाचवलं आणि म्हणाले, “अगं, हे तर खेळण्यातलं वाटतंय.”

वजनाचा हिशेब इथेच सांगून टाकते. गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते तेवढ्याच जोराने हत्यार मागे येतं, हे शाळेत शिकलेलं न्यूटनचं गणित. काडतूस तेच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं की मागे येण्याचा वेग दुप्पट होतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे वजन घटूनही हाताला बसणारी ऊर्जा दुपटीवर जाते. टोकाचं उदाहरण घ्या. १९५५ साली .४४ मॅग्नम आलं ते सव्वा किलोहून जड पोलादी रिव्हॉल्व्हरसाठी. १९७१च्या ‘डर्टी हॅरी’त क्लिंट ईस्टवूडच्या हातात आहे ते त्याच घराण्यातलं. आज स्मिथ अँड वेसनचं ३२९ पीडी तेच काडतूस पाऊण किलोच्या आतल्या हत्यारातून झाडतं. अस्वलांच्या जंगलात दिवसभर कमरेला वागवायचं आणि देवाच्या दयेने कधी झाडायचं नाही, अशा माणसाला ते ठीक असेल. फार्मसीच्या पार्किंगसाठी नव्हे.

माझं .४४ स्पेशल होतं, मॅग्नम नव्हे, तरी पुरे झालं. पहिल्या गोळीला अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातली कातडी चरचरली. दुसऱ्या-तिसऱ्याला चापाभोवतीची कडी मधल्या बोटाच्या पेरावर आदळायला लागली. कागदावरची भोकं पहिल्यांदा मधोमध, मग खाली, मग आणखी खाली डावीकडे. मला वाटलं, नेमाची माशीच वाकडी आहे.

माझी शिक्षिका निवृत्त डेप्युटी शेरीफ. तिने काही न बोलता रिव्हॉल्व्हर आपल्या हातात घेतलं, तीन काडतुसं आणि दोन रिकाम्या पुंगळ्या मला न दाखवता भरल्या आणि म्हणाली, “झाड आता.” जिथे पुंगळी होती तिथे टक्‌ असा नुसता आवाज झाला, धक्का काहीच नाही, आणि तरी नळीचं तोंड दोन बोटं खाली डुचमळलं. तिथे लाजायलाही जागा नव्हती, सगळं डोळ्यांसमोर होतं. “डॉक्टर, तुझा हात धक्क्याच्या आधीच दचकतोय,” ती म्हणाली. फ्लूची लस टोचण्याआधी दंड आवळून बसणारे पेशंट मी रोज पाहते. माझं मनगट नेमकं तेच करत होतं. ही खोड एकदा लागली की सुटायला फार वेळ जातो, आणि हलकं मोठं बोअर ती हमखास लावतं. हत्यार कुठलंही घ्या, ही पुंगळ्यांची परीक्षा दुसऱ्या माणसाकडून करून घ्या.

दुसरा प्रकार याहून गंभीर. एके दिवशी चार गोळ्या झाडल्या आणि पाचव्याला चाप हलेना. जोर लावला तरी सिलिंडर फिरेना, बाजूला उघडेनाही. शिक्षिकेने नळी मातीच्या बांधाकडेच धरून ठेवायला लावली, हत्यार माझ्या हातून घेतलं, आणि बऱ्याच खटपटीनंतर सिलिंडर मोकळं केलं. शेवटच्या काडतुसातली शिशाची गोळी पितळी पुंगळीतून पुढे सरकून सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावत होती आणि चौकटीला अडत होती. कारण तेच, वजन. हत्यार झटक्याने मागे येतं, त्याबरोबर पुंगळीही मागे ओढली जाते, पण जड गोळी जडत्वाने जागच्या जागी राहू पाहते. चार झटक्यांत पाचवी गोळी थोडी थोडी करत उपटून निघते. पोलादी हत्याराचा झटका सौम्य, म्हणून तिथे हे क्वचित घडतं. पुंगळीची कड गोळीवर घट्ट आवळलेली नसेल, गोळी जड आणि नुसत्या शिशाची असेल, तर हलक्या हत्यारात हे ठरलेलंच. ‘रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही’ ही म्हण ऐकून मी ते घेतलं होतं! पिस्तूल अडकलं तर स्लाइड खेचून निदान पुढची गोळी घेता येते. हे असं अडकलं की हातात नुसता लोखंडाचा, किंवा टायटॅनियमचा म्हणा, गोळा उरतो.

काही हलक्या मॉडेलांच्या नळीवर ‘२०० ग्रेनपेक्षा जड गोळी नको’ अशी सूचनाच कोरलेली असते, ती नक्षी नसते. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. २०० ग्रेन म्हणजे १३ ग्रॅम. तपासायची रीत सोपी आहे. पाच भरा, त्यांतलं एक काडतूस आधी कॅलिपरने मोजून खूण करून ठेवा, बाकीची चार झाडा, मग खुणेचं पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर तो डबा त्या हत्यारासाठी नाही. ब्रँड बदलला की पुन्हा मोजा.

पैशांचंही बोलायला हवं. .४४ स्पेशलची काडतुसं नाइन एमएमपेक्षा बरीच महाग पडतात आणि प्रत्येक दुकानात मिळतातच असं नाही. महाग, दुर्मीळ आणि वर हाताला लागणारं. मग सराव कोण करतो? जुन्या हत्यारांच्या काचेच्या कपाटात हलकी रिव्हॉल्व्हर नव्यासारखी चकचकीत पडलेली असतात आणि विकणारा सोबत जवळपास भरलेला काडतुसांचा डबाही देऊन टाकतो. त्या डब्यातून किती गोळ्या गेल्यात ते पाहिलंत की आधीच्या मालकाची कहाणी कळते. स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर तोच डबा नीट बघा.

टेक्सासच्या परवान्याची परीक्षा ५० गोळ्यांची असते, ३, ७ आणि १५ यार्डांवरून. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. पुष्कळजण त्या दिवशी मऊ, लांब नळीचं हत्यार उसनं नेतात. माझं सांगणं असं की परवाना लागो न लागो, जे हत्यार रोज अंगावर वागवायचंय त्याच्याच ५० गोळ्या एका बैठकीत झाडून पाहा, विकत घेण्याआधी, रेंजवर भाड्याने घेऊन. शेवटच्या दहा गोळ्या पहिल्या दहांच्या आसपास लागल्या तर खुशाल घ्या, मग बोअर कुठलंही असो. .४४च हवं असेल तर मुठीची पाठ पूर्ण झाकणारी रबरी मूठ बसवा, २०० ग्रेनच्या आतली सौम्य काडतुसं घ्या. .४४ मॅग्नमच्या हत्यारात .४४ स्पेशल चालतं, उलटं नाही. आणि टायटॅनियमचं सिलिंडर घासून चमकवायला जाऊ नका, वरचा थर निघाला की धातू खराब होतो.

मी ते विकलं आणि लहान पोलादी .३८ स्पेशल घेतलं. त्यात १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॉडकटर गोळी वापरते. आखूड नळीतून वेग कमी पडतो, त्यामुळे पोकळ टोकाच्या गोळ्या उमलतीलच याची खात्री नसते. वॉडकटर उमलण्यावर अवलंबून नाही, आणि धक्का इतका कमी की सराव करावासा वाटतो. वजनातला फरक, खरं सांगते, शंभर-दीडशे ग्रॅमचा. एवढ्यासाठी केवढा खटाटोप!

ते शंभर-दीडशे ग्रॅम पेलायला लागतो तो चांगला पट्टा. बायकांची अडचण इथे असते, कुर्ता-लेगिंगला पट्टा कुठला लावणार? मग हत्यार पर्समध्ये जातं. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, ट्रॉलीत ठेवतो, कुणाच्या घरी जेवायला गेलो की बेडरूममध्ये इतर पर्सांच्या ढिगात टाकतो, आणि त्याच खोलीत मुलं खेळत असतात. पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवून पाहिलं तर खिसा लोंबतो आणि आतलं काय ते बाहेरून ओळखू येतं. शेवटी दुकानात मी जाड शिवणीची पॅन्ट आणि ताठ पट्टा घालायला लागले, चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर आतून, वर कोट. लेगिंगच्या दिवशी हत्यार घरी, तिजोरीत. तिजोरी भिंतीला बोल्ट केलेली. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कुणाचं मन थाऱ्यावर नसेल तेवढे दिवस हत्यार घरात ठेवूच नका, ते घराबाहेर सुरक्षित कुठे ठेवता येईल याची चौकशी करा.

हत्यार कुठे न्यायचं नाही तेही सांगते. मंडळाचा गणपती बहुतेक ठिकाणी शाळेच्या हॉलमध्ये असतो. तिथे हत्यार चालत नाही. पोस्टात नाही, पोस्टाच्या पार्किंगमध्येही नाही. दारूवर ५१ टक्के किंवा जास्त कमाई करणाऱ्या बारमध्ये नाही. तिथे दारावर लाल ‘५१%’ची पाटी असते. इंग्रजी-स्पॅनिशमध्ये इंचभर उंच अक्षरांची, हत्यार आणायला मनाई करणारी ३०.०६ची पाटी दिसली तर तिथूनही परत फिरायचं.

आणि भारतात जाताना रेंजची बॅग प्रवासाला नेऊ नका, कितीही चांगली असली तरी. तळाच्या शिवणीत विसरलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं की १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ‘माहीत नव्हतं’ हे उच्च न्यायालयांनी मान्य करून गुन्हे रद्द केल्याची उदाहरणं आहेत, पण तोवर सुट्टी आणि वकिलाची फी दोन्ही गेलेली असतात. रेंजसाठी वेगळी, भडक रंगाची बॅग ठेवा आणि रेंजवर जायचं नसेल तेव्हा ती गॅरेजच्या बाहेर काढू नका.