चिंध्यांचे पायपुसणे : टाकाऊतून हलाल रोजी

शिंप्याच्या दुकानात दिवसभर कात्री चालते आणि संध्याकाळी चिंध्या झाडून गोणीत भरल्या जातात. ही गोणी बहुधा भंगारवाल्याकडे वजनावर जाते. हरियाणातील पानिपतने जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत व ब्लँकेटे तयार करण्याचा मोठा धंदा उभा केला. आपल्याला यंत्र नको. कात्री, मोठी सुई आणि मजबूत दोरा एवढ्यावर वेणीचे पायपुसणे घरी तयार होते. आम्ही ते शिकलो; त्याची रीत येथे देत आहोत.

कापड : सुती व होजिअरी एकत्र करू नये. होजिअरी ताणली जाते, सुती ताणली जात नाही; वेणी वेडीवाकडी होते. कापड आधी धुऊन वाळवावे, म्हणजे आटायचे ते आटेल आणि कच्चा रंग कळेल.

वेणी : दीड इंच रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. टोके तिरपी जोडून शिवावीत, म्हणजे गाठ येत नाही. तिन्ही पट्ट्यांचे जोड एके ठिकाणी येऊ देऊ नयेत. वेणी घातल्यावर लांबी घटते, म्हणून पट्ट्या जास्तच घ्याव्यात.

जोडणी : ३६ बाय २४ इंचांचे लंबगोल पायपुसणे हवे असल्यास लांबीतून रुंदी वजा करावी. उरलेल्या १२ इंचांची सरळ वेणी मधोमध ठेवून तिच्याभोवती वेणी गुंडाळत शेजारच्या फाशांतून दोरा ओवावा. काम सपाट फरशीवर ठेवूनच करावे. आमचे पहिले पायपुसणे मांडीवर शिवले आणि ते परातीसारखे उचलले गेले. वळणावर बाहेरच्या वेणीचा एखादा फासा सोडला की ते सपाट बसते. फार सोडले तर कडा लाटांसारखी होते.

हिशेब : चिंधी स्वस्त असते, वेळ स्वस्त नसतो. पहिल्या पाच नगांना किती तास लागले ते वहीत लिहावे. चिंधी, दोरा आणि मजुरी धरूनच भाव सांगावा. मोहल्ल्यातील भगिनींकडून काम करून घेतल्यास नगाचा दर आधी ठरवावा. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची प्रेषितांची (स.) शिकवण आपण तोंडाने सांगतो, ती वहीतही दिसली पाहिजे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ग्राहकाने शिवायला दिलेल्या कापडातून उरलेला तुकडा शिंप्याचा नसतो, ती अमानत असते. कपडा देताना तुकडाही समोर ठेवावा व "हा आम्ही ठेवू का?" असे विचारावे. बहुतेक ग्राहक खुशीने देतात. न विचारता ठेवलेल्या तुकड्याचे पायपुसणे कितीही सुबक झाले, तरी त्या कमाईत बरकत कोठून येणार?