ओटा आपला, टाइल समुद्रापलीकडची

तू पाठवलेले फोटो बघितले, बायो. निळ्या-पिवळ्या नक्षीची भिंत, कमानीचा कोनाडा, वर टांगलेली तांब्याची भांडी. कुणालाही मोह पडावा असंच आहे ते सगळं. सासरच्या जुन्या घराचं स्वयंपाकघर नव्याने करायचंय, लाकडी मांडणी आणि पितळी डबे तसेच ठेवायचेत, त्यात ही भूमध्य समुद्राकाठची टाइल शोभेल का, असं विचारतेस. शोभेल गं, नक्की शोभेल. फक्त ती कुठे लावायची हे फोटो बघून ठरवू नकोस. तुमच्या घरात रोज काय शिजतं, त्यावरून ठरव.

तिकडेही टाइल स्वयंपाकघरात आली ती कामासाठीच. पोर्तुगालमध्ये अल्कोबासाचा जुना मठ आहे. तिथलं प्रचंड स्वयंपाकघर १८व्या शतकात टाइल्सने मढवलं. चूल आणि धुराडं असलेल्या जागी धूर, तूप, तेल पुसून निघेल असा पृष्ठभाग हवाच. माद्रिदच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात व्हॅलेन्सियातलं त्याच शतकातलं एक अख्खं स्वयंपाकघर जपून ठेवलंय. त्याच्या भिंतींवरच्या टाइल्समध्ये घरची मंडळी आणि कामाची माणसं खाण्यापिण्याच्या लगबगीत रंगवलेली आहेत. आधी पुसायची सोय, मग तिच्यावर रंग. हा क्रम तू उलटा करू नकोस.

दुकानात ‘मेडिटेरेनियन’ म्हणून जे दाखवतील, त्यात निदान तीन वेगळ्या जाती असतात. पहिली झिलई दिलेली, भट्टीत भाजलेली मातीची टाइल. पोर्तुगीज अझुलेजो किंवा इटलीतल्या व्हिएत्रीची असते तशी. दुसरी मोरोक्कोची झेलिज, हाताने कापलेली, थोडी उंचसखल, कडा किंचित खडबडीत. तिसरी सिमेंटची नक्षीदार फरशी. ती भाजत नाहीत; साच्यात रंगीत सिमेंट ओतून दाबयंत्रात दाबतात आणि पाण्यात मुरवतात. ही तिसरी तर तुझ्या ओळखीचीच आहे. १९व्या शतकाच्या मध्याला दक्षिण फ्रान्सकडे ती सुरू झाली, बार्सिलोनातल्या घराघरांत पसरली आणि आपल्याकडेही आली. मुंबईच्या भारत फ्लोअरिंग्जने स्वदेशीच्या भावनेतून १९२२ साली ती इथे करायला घेतली. जुन्या घरांच्या ओसरीवर, माजघरात ज्या फुलाफुलांच्या फरश्या दिसतात, त्या याच घराण्यातल्या. म्हणून ‘आपल्या घरात हे परकं दिसेल’ ही भीती मनातून काढून टाक.

आता खरी गोष्ट. तिकडच्या स्वयंपाकात ऑलिव्हचं तेल आहे, टोमॅटो आहे, पण रोजची हळदीची फोडणी नाही. आपल्या शेगडीमागच्या भिंतीवर तेल आणि हळद एकदम उडतात. भाजलेल्या टाइलच्या झिलईला त्याचं काही होत नाही, डाग धरतं ते सांध्यातलं ग्राउट. त्यात या टाइल्स लहान, म्हणजे सांधे भरपूर. तेव्हा शेगडीमागे गुळगुळीत झिलईचीच टाइल घे, सांधा बारीक ठेवायला सांग, साध्या सिमेंटच्या ग्राउटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरून घे आणि त्याचा रंग पांढरा नको, वाळूसारखा किंवा राखाडी निवड. गवंडी म्हणेल, ‘ताई, कशाला एवढा खर्च?’ तिथे मात्र ऐकू नकोस. पुढे घासायचं तुलाच आहे.

झेलिज फार आवडली असेल तर ती फोडणीपासून लांब, पाण्याच्या माठामागे किंवा कोनाड्यात लाव. तिच्या खाचाखोचांत तेल आणि हळद बसली की निघता निघत नाही. आणि सिमेंटची फरशी ओट्यावर किंवा शेगडीमागे कधीच नको. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, सगळी आंबटाई सिमेंट खाते आणि तेल त्यात मुरतं. तिला खाली जमिनीवर जागा दे, जेवणाच्या टेबलाखाली किंवा देवघरासमोर. आत मुरणारं सीलर लावून घे, ते काही काळाने पुन्हा लावावं लागतं हेही लक्षात ठेव, आणि पुसायला ऍसिड अजिबात नको. ओटा मात्र काळ्या ग्रॅनाइटचाच राहू दे. कडप्पा दिसायला देखणा, पण तो चुनखडक. लिंबाचे डाग त्यावरही पडतात.

नक्षीबद्दल एक सांगू? ज्या भिंतीवर मांडणी आहे, तिच्यामागे नक्षी नकोच. ताटं, वाट्या, पितळी डबे, कळशी यांची रांग हीच त्या भिंतीची नक्षी आहे. मागे निळी फुलं आली तर ना डबे दिसतील, ना फुलं. तिथे चुन्याच्या रंगाची साधी भिंत ठेव. नक्षीची टाइल एकाच ठिकाणी येऊ दे, बाकी सगळं शांत. गोव्यात पणजीला मेनेझिस ब्रागान्झा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासोने १९३५ साली केलेली निळी टाइलचित्रं आहेत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांची. ती उभं राहून, मान वर करून बघायची. अशी मोठी चित्रं शेगडीमागे घेऊ नकोस. पुढे कुकर आणि कढई आली की अर्धं चित्र झाकलं जातं.

माप काढताना तर फारच जपून. यातल्या पुष्कळ नक्ष्या चार टाइल्स जुळल्यावर पूर्ण होतात. टाइल २० सेंटिमीटरची असेल तर पूर्ण फूल ४० सेंटिमीटरचं. ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतचा डॅडो साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे दीड फूल बसणार आणि वरचं कापलं जाणार. तेच १५ सेंटिमीटरची घेतलीस तर दोन फुलं नीट बसतील. शेगडीच्या मध्यापासून लावायला सुरुवात करायची, तुकडे कोपऱ्यात जाऊ द्यायचे. लावण्याआधी सगळ्या टाइल्स जमिनीवर मांडून बघायच्या, आणि त्या वेळी तू तिथे हजर राहा. एकाच बॅचच्या, मोजून १० ते १५ टक्के जास्त घे. नंतर तोच रंग मिळेल याचा भरवसा नसतो.

रंगांचं कोडं सोपं आहे. जुने कारागीर भट्टीची आच सोसणारेच रंग वापरू शकत: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, मँगनीजचा जांभळट तपकिरी. यातले दोन निवड, फार तर तीन. पितळ आणि सागवानाशेजारी निळा उठून दिसतो, पिवळा मिसळून जातो. पण दुकानातल्या झगझगीत उजेडात ठरवू नकोस. तिकडचं ऊन वेगळं, आणि तुमच्या स्वयंपाकघरात पावसाळ्याचे चार महिने दिवसाही दिवा लागतो. टाइल घरी आणून संध्याकाळी, तुमच्याच दिव्याखाली बघ.

त्याही आधी भिंत बघ. जांभ्याची जुनी भिंत पावसात ओल धरत असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधून बंद कर. ओल्या भिंतीवर कितीही महागडी टाइल लाव, ती सुटते. पैसे कमी पडले तर टाइल साधी घे, पण भिंतीच्या दुरुस्तीत काटकसर नको. छापील पोर्सिलेन टाइल घ्यायची वेळ आली तरी मन लहान करू नकोस. ती टिकाऊ असते आणि पुसायलाही सोपी. फक्त एका खोक्यात किती वेगवेगळे छाप आहेत ते विचार, नाहीतर तोच ओरखडा प्रत्येक टाइलवर दिसतो.

आणि मनातलं एक. मांडणी कुठे जाणार, पाटा-वरवंटा कुठे राहणार, हे सासूबाईंना विचारल्याशिवाय ठरवू नकोस. त्यांचा हात इतकी वर्षं त्या खोलीत फिरलाय. कुठे पाणी उडतं, कुठल्या कोपऱ्यात मुंग्या येतात, हे त्यांच्याइतकं कुठल्याच इंटिरिअरवाल्याला माहीत नसणार. टाइल निवडायला त्यांना सोबत ने. ‘तुम्हाला कुठली आवडते?’ एवढं विचारलंस की ते स्वयंपाकघर दोघींचं होईल.

आता पहिलं काम हे. आवडलेल्या तीन-चार टाइल्सचे नमुने आण. प्रत्येकीवर हळद कालवलेलं तेल आणि कोकमाचं आगळ लावून रात्रभर ठेव. सकाळी नेहमीच्या साबणाने धू. जी डाग न धरता निघेल तिची ऑर्डर दे, मग ती फोटोतली असो वा नसो.