गालिचा धुण्याचे यंत्र कसे निवडावे?

(द्वितीय वर्ष बी. ए., अर्थशास्त्र)

भांडवल, घसारा, संधी-खर्च, समतोल बिंदू हे शब्द आपण वर्गात ऐकतो, वहीत उतरवतो आणि परीक्षेत लिहून मोकळे होतो. यंदा मात्र हे शब्द आमच्या घरात येऊन बसले. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, गालिचे व सोफे धुऊन देण्याचा धंदा सुरू करायचे ठरवले. दादाने दहावीनंतर शाळा सोडली, म्हणून मी महाविद्यालयात येऊ शकलो. आमच्या घरात यंत्र म्हणण्यासारखी वस्तू आजवर एकच, आईची शिलाई मशीन. तेव्हा कर्ज काढून दुसरे यंत्र घ्यायचे, तर ते पारखूनच घ्यायला हवे. "तू अर्थशास्त्र शिकतोस, तर सांग कुठले घेऊ?" असे दादाने विचारले. त्या प्रश्नाचा मी केलेला अभ्यास येथे मांडत आहे. असे छोटे धंदे उद्या आपल्यापैकी अनेकांना करावे लागतील. त्यांना यातील काही उपयोगी पडावे, एवढीच अपेक्षा.

यंत्राची थोडी पूर्वपीठिका

गालिचे झाडण्याच्या यंत्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स गावी मेल्व्हिल बिसेल नावाचे काचसामानाचे दुकानदार होते. त्यांनी १८७६ साली गालिचा झाडण्याच्या ढकलगाडीचे पेटंट घेतले. १८८९ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲना यांनी कारखाना हाती घेऊन वाढवला. इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ साली हवेच्या ओढीने धूळ खेचणारे यंत्र केले. ते एवढे मोठे होते की घोडागाडीवरून दारापर्यंत आणत आणि लांब नळ्या खिडकीतून आत सोडत. म्हणजे बूथ यंत्र विकत नव्हते, सफाईची सेवा विकत होते. दादाचा धंदाही तोच!

पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँगलर यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीची खोळ जोडून हाताने फिरवता येणारे विजेचे यंत्र बनवले. ते एका दुकानात झाडलोटीचे काम करीत. त्यांना दम्याचा त्रास होता आणि धुळीने तो वाढे. १९०८ साली त्यांना पेटंट मिळाले आणि हूव्हर यांनी ते विकत घेऊन मोठा उद्योग उभारला. झाडू मारणाऱ्याच्या त्रासातून यंत्र जन्मले, ही गोष्ट मला पुस्तकी व्याख्यांपेक्षा अधिक शिकवून गेली.

आधी मळ ओळखा

यंत्र निवडण्यापूर्वी गालिच्यात काय असते ते पाहिले पाहिजे. गालिच्यातील बहुतेक मळ कोरडा असतो. माती, वाळूचे कण, केस, धागे हे सारे लवीच्या मुळाशी जाऊन बसते. वाळूचे कण पायाखाली घासून धागा कापतात, त्यामुळे गालिचा झिजतो. यावरून पहिला नियम निघतो : पाणी लावण्याआधी कोरडी धूळ काढलीच पाहिजे, नाहीतर तिचा चिखल होतो.

माझे वडील पंचवीस वर्षे मंडपवाल्याकडे कामाला आहेत. जाजमे, सतरंज्या, गालिचे अंथरणे, उचलणे, झटकणे यात त्यांचे आयुष्य गेले. गालिचा उलटा टाकून पाठीवर काठी मारावी म्हणजे धूळ खाली पडते, आणि ओला गालिचा गुंडाळून कधी ठेवू नये, हे ते न शिकता जाणतात. मी ज्या गोष्टी वाचून काढल्या, त्यातल्या निम्म्या त्यांना आधीच ठाऊक होत्या.

मळानंतर धागा. लोकरीला कडक अल्कली सोसत नाही, आणि सफेदी आणणारे क्लोरीनचे पाणी तर लोकर विरघळवून टाकते. रेशमी म्हणून विकले जाणारे कितीतरी गालिचे व्हिस्कोजचे असतात. व्हिस्कोज ओले झाले की कमजोर होते आणि त्याची चमक जाते. तागाची पाठ फार भिजली तर तपकिरी डाग वर येतात. नायलॉन व पॉलिप्रॉपिलीन मात्र पाणी बरेच सोसतात. ओळख पटत नसेल तर कडेचा एक सुटा धागा जाळून पाहावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो व राख चुरगळते, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. रंग पक्का आहे की नाही हे पाहायला ओले पांढरे फडके कोपऱ्यावर दाबून धरावे. भदोहीचा किंवा काश्मीरचा हाताने विणलेला गालिचा समोर आला, तर ही परीक्षा केल्याशिवाय यंत्राचे बटण दाबूच नये.

धुण्याच्या चार पद्धती

पहिली पद्धत फेसाची. फिरत्या गोल ब्रशच्या यंत्राने साबणाचा फेस घासतात. मळ चांगला सुटतो, पण साबण आतच राहिला तर चिकटपणा उरतो आणि गालिचा लवकर मळतो.

दुसरी, त्याच यंत्राला ब्रशऐवजी सुती गादी लावून पुसण्याची. काम झपाट्याने होते, पण मळ वरवरचाच निघतो. रोज वापरात असलेल्या कार्यालयाला ती पुरते.

तिसऱ्या पद्धतीत असे द्रावण वापरतात की ते वाळल्यावर मळाभोवती ठिसूळ कण बनतात आणि ते पुन्हा कोरड्या यंत्राने ओढून घेता येतात. हिला पाणी कमी लागते.

चौथी पद्धत पाणी फवारून लगेच शोषून घेण्याची. लोक हिला 'स्टीम' म्हणतात, पण वाफ नसते, असते गरम पाणी. एका टाकीतले स्वच्छ द्रावण पंपाने लवीत जाते आणि मोटर ते मळासकट दुसऱ्या टाकीत ओढून घेते. सोफा, गादी, मोटारीची बैठक आणि गालिचा ही चारही कामे एकाच यंत्राने होतात, म्हणून नव्या धंद्याला हीच सोयीची. पुढचा विचार या यंत्रापुरता केला आहे.

यंत्रात काय पाहावे?

विकणारा पहिल्यांदा पंपाचा दाब सांगतो. माझ्या मते पहिला प्रश्न शोषणाचा विचारावा. पाणी आत घालणे सोपे, बाहेर काढणे अवघड. आमचा सांगली जिल्हा म्हटला तरी पावसाळ्यात हवा दमट असते. सकाळी धुतलेला गालिचा रात्रीपर्यंत ओला राहिला तर कुबट वास येतो, बुरशी धरते आणि गिऱ्हाईक पुन्हा बोलावत नाही. वडिलांचा 'ओला गुंडाळू नये' हा नियम इथे यंत्राच्या भाषेत भेटतो.

शोषणाची दोन मापे असतात. एक, मोटर पाण्याचा स्तंभ किती उंच ओढू शकते. चांगली मोटर सुमारे १०० इंच, म्हणजे अडीच मीटर ओढते. दुसरे, मिनिटाला किती हवा वाहते. नुसती ओढ जास्त आणि हवा कमी, किंवा उलट, असे असून चालत नाही. नळी जितकी लांब तितकी ओढ घटते, हेही ध्यानात ठेवावे.

दुकानात करून पाहता येईल अशी एक परीक्षा मी सुचवतो. टाकीत मोजून ५ लिटर पाणी घालावे आणि आपल्याच घरचा गालिच्याचा तुकडा धुवावा. एकदा फवारत ओढावे, मग दोनदा नुसते कोरडे ओढावे. शेवटी मळक्या टाकीतले पाणी मोजावे. एका यंत्राने ४ लिटर परत दिले आणि दुसऱ्याने ३, तर दुसऱ्याने दुप्पट पाणी गालिच्यात ठेवले. माहितीपत्रकापेक्षा हे बादलीचे माप खरे बोलते.

दुसरी गोष्ट वीज. घरातील साध्या प्लगवर ६ अँपिअर व जाड प्लगवर १६ अँपिअर मिळतात. २३० व्होल्टने गुणले तर अनुक्रमे १३८० व ३६८० वॅट होतात. दोन मोटरी आणि पाणी तापवणारे हीटर असलेले यंत्र साध्या प्लगवर चालणार नाही. गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात जाड प्लग असतोच असे नाही. गरम पाणी गिऱ्हाइकाच्या घरून घेऊन टाकीत भरता येते, तेव्हा आरंभी हीटर नसले तरी चालेल. मात्र यंत्राला किती गरम पाणी चालते ते पाहून घ्यावे. आणि पाणी व वीज एकत्र आल्यामुळे अर्थिंग असलेली तीन पिनांची वायर, तसेच ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे उपकरण, यांत काटकसर करू नये.

तिसरी गोष्ट वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ४० लिटरची टाकी भरली की यंत्राच्या वजनात ४० किलोंची भर पडते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला चढायचा आहे, हे दुकानात चाकांवर यंत्र फिरवताना विसरायला होते. दहा लिटरची टाकी वारंवार भरावी लागते, पण एक माणूस ती दुचाकीवरही नेऊ शकतो.

चौथी गोष्ट पाणी. बोअरचे जड पाणी असेल तर पंपात व फवाऱ्याच्या तोंडात क्षार बसतात. रोज शेवटी स्वच्छ पाणी फिरवावे आणि उत्पादकाने सांगितलेले क्षार काढणारे द्रावण अधूनमधून वापरावे.

पाचवी गोष्ट सुटे भाग. फवाऱ्याचे तोंड, पंप, मोटरचे कार्बन ब्रश, नळी हे भाग कुठे मिळतात व किती दिवसांत मिळतात, हे किमतीच्या आधी विचारावे. लग्नसराईत पंधरा दिवस बंद पडलेले यंत्र स्वस्त नसते.

हिशेब

आता अर्थशास्त्राकडे वळू. पुढील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालावेत.

समजा, लहान यंत्र ४५,००० रुपयांचे आहे व ते पाच वर्षे चालेल. घसारा महिना ७५० रुपये. व्याज व दुरुस्ती ७५०, सामान ठेवायच्या खोलीचे भाडे १,५००. एकूण स्थिर खर्च ३,००० रुपये. एका सोफ्याचे ६०० रुपये मिळाले आणि द्रावण, पेट्रोल, मदतनीस यांवर ३०० गेले, तर एका कामामागे ३०० उरतात. म्हणजे दहा कामांत खर्च निघाला!

परंतु येथेच धोका आहे. दादा आज नोकरीत समजा १२,००० रुपये मिळवतो. धंद्यासाठी ते सोडावे लागतील. हाच संधी-खर्च. तो मिळवला की ३,००० चे १५,००० होतात आणि समतोल बिंदू दहा कामांवरून ५० कामांवर जातो. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज दोन कामे. 'दहा कामांत सुटतो' असे म्हणणारा आपल्या घामाची किंमत शून्य धरतो.

मोठे यंत्र १,८०,००० रुपयांचे घेतले तर? घसारा ३,०००, व्याज व दुरुस्ती २,५००, भाडे १,५००. एकूण ७,०००, संधी-खर्चासह १९,०००. आता ६४ कामे हवीत. मोठ्या यंत्राचा वेग हॉटेल, सभागृह, मोठे कार्यालय अशा ठिकाणी भरून निघतो. आम्ही ओळखीच्या घरांत, दवाखान्यांत, लॉजवर चौकशी केली, तेव्हा मागणी मुख्यतः सोफा, गादी व मोटारीच्या बैठकांची निघाली. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा आपल्याकडे थोड्याच ठिकाणी असतो, कारण आपली जमीन फरशीची. तेव्हा मोठे यंत्र आमच्या गावात बहुतेक दिवस उभेच राहील.

भांडवलाची मर्यादाही हेच सांगते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत 'शिशु' गटात तारणाशिवाय ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. लहान यंत्र त्यात बसते. मोठ्यासाठी वरच्या गटात जावे लागते आणि हप्ता काम मिळो न मिळो, द्यावाच लागतो.

आणखी एक बाब. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचा पूर आमच्या भागात घरांत शिरला. अशा वेळी गालिचे धुऊन द्या अशी मागणी येते. पण पुराच्या पाण्यात मैला मिसळलेला असतो. त्यात दिवसेंदिवस भिजलेली गादी किंवा जाड गालिचा यंत्राने वरून धुऊन निर्धोक होत नाही. तो टाकून द्यावा असे सांगणे, मिळणारे पैसे सोडून सांगणे, हाही धंद्याचाच भाग मानला पाहिजे.

निष्कर्ष

या अभ्यासातून दादासाठी मी पुढील शिफारस केली. दहा लिटरच्या आसपासचे, साध्या प्लगवर चालणारे, बादलीच्या परीक्षेत उत्तम ठरलेले यंत्र घ्यावे. त्याच्या जोडीला कोरड्या धुळीचे वेगळे यंत्र असावे. गोल ब्रशचे यंत्र सभागृहाचे काम मिळेल तेव्हा भाड्याने आणावे. रोज दोन कामे सलग सहा महिने टिकली, तरच मोठ्या यंत्राचा विचार करावा. आणि तोवर नोकरी एकदम न सोडता सुटीच्या दिवशी कामे घ्यावीत, म्हणजे संधी-खर्च कमी राहील.

दादाने शेवटची सूचना सर्वांत आधी मानली. वडिलांनी एकच अट घातली : प्रत्येक कामानंतर गालिच्यावर कोरडा तळवा दाबून पाहायचा, हाताला ओल लागली तर पैसे मागायचे नाहीत. एवढी सोपी कसोटी मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नव्हती.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढणारे आपण पहिलेच. आपण शिकतो ते घरच्यांना कळत नाही असे आपल्याला वाटते. पण समतोल बिंदू मी वडिलांना रोजच्या दोन कामांच्या भाषेत सांगितला, तेव्हा त्यांना तो लगेच कळला. ज्ञान घरी नेण्यासाठी त्याचे भाषांतर आपल्यालाच करावे लागते.

शेवटी निवडीचे सूत्र सांगतो. आधी गावात काम कोणते आहे ते पाहावे, मग ते काम करील ते यंत्र घ्यावे. यंत्र आधी घेऊन त्याच्याजोगे काम शोधत फिरणाऱ्याच्या दारी पहिला येतो तो हप्ता मागणारा.