मक्याचा वैरी आणि बुरशीचें साहाय्य

पावसाळ्याचे चार महिने माहीमला काढणाऱ्या आम्हां मंडळींस बुरशीची नव्यानें ओळख करून देण्याचें कारण नाहीं. कपाटांतील चामड्याचा जोडा आषाढांत पांढुरका होतो, पावाच्या तुकड्यावर दोन-तीन दिवसांत हिरवे डाग उठतात आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांस कुबट वास येऊं लागतो. या अगांतुक पाहुणीस घरांतून घालवितां घालवितां आपल्या मातोश्री थकून जातात. परंतु हिच्याच कुळांतील कांहीं जाती शेतकऱ्याच्या कामीं येतात, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थिमित्रांस ठाऊक नसेल. त्यांचीच हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

चौपाटीवर निखाऱ्यावर भाजलेलें, लिंबू आणि तिखट-मीठ चोळलेलें कणीस कोणी खाल्लें नाहीं? शहरांतल्या आपणांस मका ठाऊक तो एवढाच. पण मक्याचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्याकडे जातो. तेव्हां सकाळीं आपल्या ताटलींत येणाऱ्या अंड्याचें नातेंही मक्याच्या शेताशीं जुळलेलें आहे. नाशिक, जळगांव, सांगली या बाजूंस ज्यांचीं घरें आहेत, त्या पालकांस हें सांगावयास नकोच.

या पिकावर अलीकडे एक मोठें संकट आलें आहे. त्याचें नांव अमेरिकन लष्करी अळी. ही मूळची अमेरिका खंडांतील उष्ण प्रदेशांची. २०१६ सालीं ती आफ्रिकेंत आढळली, मे २०१८ मध्यें कर्नाटकांत शिवमोग्याकडे दिसली आणि त्याच वर्षीं पावसाळा सरतां सरतां सोलापूर जिल्ह्यांत येऊन पोंचली. हिचा पतंग रात्रीं उडतो, आणि वाऱ्याची साथ मिळाल्यास एका रात्रींत शंभर किलोमीटरांची मजल मारतो. मादी पानावर शंभर-दोनशें अंड्यांचा पुंजका घालून त्यावर आपल्या अंगाची लव पसरते. अळ्या लहान असतांना पानांचा हिरवा भाग खरवडून खातात. मोठ्या झाल्या कीं मक्याच्या पोंग्यांत शिरून बसतात. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटें काढल्यासारखी खूण आणि शेपटीजवळ चौकोनांत चार काळे ठिपके, यांवरून ती ओळखावी. पोंग्यांत तिची लाकडाच्या भुशासारखी विष्ठा सांचते व त्या आडोशामुळें वरून फवारलेलें विष पुष्कळदां तिला लागतच नाहीं.

येथें बुरशीचें साहाय्य उपयोगी पडतें. बुरशी किड्यास मारते हा शोध प्रथम रेशमाच्या किड्यांमुळें लागला. इटलींतील लोदी प्रांताच्या आगोस्तीनो बास्सी यांनीं अनेक वर्षें परिश्रम करून, हे किडे पांढरे होऊन मरतात तें एका बुरशीमुळें, असें १८३५ सालीं सिद्ध केलें. त्यांच्याच नांवावरून त्या बुरशीस ब्यूव्हेरिया बॅसियाना म्हणतात. पुढें १८७९ सालीं मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनीं गव्हावरील भुंगेऱ्यांस मारणाऱ्या हिरव्या बुरशीचा अभ्यास केला, व ती मुद्दाम वाढवून शेतांत वापरावी अशी कल्पना मांडली. ती मेटारायझियम. नोमुरिया रायलेई नांवाची तिसरी जात तर आपल्या देशांत शेतांतच असते. २०१८ सालीं कर्नाटकांतील मक्यावर या नव्या अळीसही ती आपोआप लागलेली दिसली.

हिच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. जंतूंचा रोग बहुधा अन्नाबरोबर पोटांत जातो. बुरशीस अळीच्या तोंडाची वाट लागत नाहीं. तिचा सूक्ष्म बीजाणू अळीच्या कातडीस चिकटतो. हवा दमट असली कीं तो रुजतो, कोंब काढतो, आणि कातडी विरघळविणारे रस सोडून व जोरानें रेटून तो कोंब आंत शिरतो. आंतील रक्तांत बुरशी वाढते, अळीचें अन्न आपण खाते, कांहीं विषारी द्रव्येंही सोडते. अळी मंद होते, खाणें टाकते, आणि साधारण चार ते दहा दिवसांत मरून ताठ होते. मग बुरशी कातडी फोडून बाहेर येते: ब्यूव्हेरिया पांढरी, मेटारायझियम गडद हिरवी, नोमुरिया फिकट हिरवी.

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठासारख्या संस्था अशी बुरशी तयार करून शेतकऱ्यांस पुरवितात. ज्या भुकटीच्या एका ग्रॅमांत १० कोटी बीजाणू आहेत, तिचे ५ ग्रॅम एक लिटर पाण्यांत मिसळून, पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांच्या सुमारास पोंग्यांत जाईल असें फवारावें आणि गरज पडल्यास दहा दिवसांनीं पुन्हां फवारावें, असें तज्ज्ञ सांगतात. फवारणी सायंकाळीं करावी, कारण उन्हांतील अतिनील किरणांनीं बीजाणू मरतात. बुरशीनाशक औषध तींत मिसळूं नये. हें उघड दिसतें. पण एकाच पंपांत दोन्ही ओतून वेळ वांचविण्याचा मोह होतो खरा.

आमच्या मतें खरी परीक्षा औषधाची नसून शेतकऱ्याच्या धीराची आहे. विष फवारल्यावर दुसऱ्या दिवशीं मेलेल्या अळ्या दिसतात. बुरशी फवारल्यावर दुसऱ्या दिवशीं अळी खातच असते. त्या पिकावर ज्याची उसनवारी आणि मुलांच्या शाळेची फी अवलंबून आहे, त्यानें चार दिवस पाहत बसावें हें सांगणें सोपें आहे, पाळणें सोपें नाहीं. म्हणूनच अळ्या लहान असतांना, पहिलीं भोकें दिसतांच ही फवारणी करावी; मोठ्या अळीवर तिचा प्रभाव कमी पडतो. पाऊस उघडून हवा कोरडी पडल्यास तर ती फारच मंदावते. अंड्यांचे पुंजके वेंचून नष्ट करणें, गंधसापळे लावून पतंगांवर नजर ठेवणें, हीं कामें तिच्या जोडीस लागतातच.

आणखी एक गोष्ट. बीड, जालना या जिल्ह्यांत आतां तुतीची लागवड होऊन रेशमाचे किडे पाळले जातात. बास्सींच्या किड्यांस ज्या ब्यूव्हेरियानें मारलें तीच या किड्यांसही मारील. तेव्हां तुतीच्या शेजारीं ती फवारूं नये.

सुटींत गांवीं गेल्यावर मक्याच्या पानास चिकटलेली, ताठ झालेली, हिरवट पीठ अंगावर आलेली अळी दिसली, तर ती उचलून फेकूं नका. ती तेथेंच राहूं द्या. तिच्या अंगावरचे बीजाणू वाऱ्यापावसानें शेजारच्या अळ्यांपर्यंत पोंचावयाचे आहेत.